छातीभर पाणी

गल्लीत त्या घराला सगळे 'छातीभर' म्हणायचे. पत्ता सांगायचा झाला तरी 'छातीभरच्या पुढचं तिसरं दार' असाच सांगायचे, आणि घरातले म्हातारे अप्पा समोर नसले की त्यांनाही छातीभरच म्हणायचे. याला कारण होती एक निळी रेघ. तळमजल्यावरच्या मोठ्या खोलीत, दारासमोरच्या भिंतीवर, उभ्या माणसाच्या छातीला लागेल अशा उंचीवर ती ओढलेली होती. अप्पा लहान असताना जे मोठं वादळ आलं, त्यात समुद्राचं पाणी त्या रेघेपर्यंत चढलं होतं, असं अप्पा सांगत. आणि अप्पा सांगत ते सगळं गाव मुकाट ऐकत आलं होतं.

गाव किनाऱ्यावरचं, त्यामुळे वादळांना तोटा नव्हता. एक कौलं उडवून नेणारं, एक होडी उचलून झाडावर ठेवणारं. आणखी एकाच्या धाकाने सगळ्यांनी दारंखिडक्या ठोकून घेतल्या होत्या, पण ते किनाऱ्यापाशी येऊन दुसरीकडेच वळलं. त्याला लोक अजून 'रुसलेला जावई' म्हणत. तिथे पाऊसही वादळांसोबतच यायचा. ज्या सालांत वादळं फिरकत नसत, त्या सालांत विहिरी तळ गाठत. दुष्काळांना मात्र कुणी कधी नावं दिली नव्हती. पाणी कुठवर आलं ते मिरवता येतं, आलंच नाही त्यात मिरवायचं काय?

तर या छातीभर घरात एक धाकटी होती. धाकटी म्हणजे अप्पांची धाकटी सून. थोरली परगावी राहायची, घरात सून अशी ही एकटीच, तरी तिचं नाव धाकटीच पडलं होतं. तिचे वडील कुलपं दुरुस्त करायचे आणि किल्ल्या घडवायचे. मुलीला बाहुली द्यायच्या वयात त्यांनी तिच्या हातात कानस दिली. बिघडलेलं कुलूप ती कानाशी धरून हलवायची आणि आत काय बिनसलंय ते सांगायची. हात चांगला, गिऱ्हाईक भरपूर, फक्त जागा नव्हती. किल्ल्या कापायचं यंत्र स्वयंपाकघरातल्या टेबलावर, पिठाच्या डब्याला खेटून उभं होतं. किल्ली हरवलेला माणूस आधीच रडवेला असतो, त्यात त्याला कांदा चिरणाऱ्या सासूबाईंच्या समोर बसावं लागे. आणि पितळेचा चुरा कितीही झाडला तरी एखाददुसरा कण कणकेत जायचाच.

"पितळ पौष्टिक असतं का गं?" सासूबाई जेवताना विचारायच्या. "असेल तर मी गप्प बसते."

तळमजल्यावरची ती मोठी खोली मात्र रिकामी होती. रस्त्यावरच दार, भरपूर उजेड, दुकानासाठीच बांधल्यासारखी. पूर्वी घरात दोरखंड वळायचा धंदा होता तेव्हा ते गुदाम होतं. आता तिथे निळी रेघ आणि रेघेसमोर एक बाक, एवढंच सामान. कुणी पाहुणा आला की अप्पा त्याला बाकावर बसवत, स्वतः भिंतीला पाठ लावून उभे राहत आणि हाताचा पंजा छातीवर आडवा धरत.

"इथे पाणी," ते म्हणत. "आणि मी बाबांच्या खांद्यावर. बाबा असे ताठ उभे, रात्रभर. हलले नाहीत. दुसऱ्या दिवशी ओहोटी लागली तेव्हाच मला खाली ठेवलं."

गोष्ट एवढीच होती. पण अप्पा ती सांगताना स्वतःच भारावून जात, आणि ऐकणाऱ्यालाही आपण ओले झालो की काय असं वाटे. धाकटीने ती लग्नाच्या दुसऱ्या दिवशी पहिल्यांदा ऐकली आणि त्यानंतर इतक्यांदा ऐकली की मध्ये अप्पा खोकले तर पुढचं वाक्य ती सांगू शकली असती. तिला ते आवडायचंही. आपल्या वडिलांबद्दल इतक्या प्रेमाने बोलणारा म्हातारा तिने दुसरा पाहिला नव्हता.

म्हणून ती खोली मागायला तिला फार जड गेलं. चार दिवस शब्द जुळवून शेवटी तिने विचारलं, आणि अप्पा पेपरातून मान वर न करता म्हणाले, "घे की. रेघ झाकू नकोस म्हणजे झालं." धाकटीचा जीव भांड्यात पडला. सासूबाईंनी तर त्याच दिवशी टेबलावर यंत्राच्या जागी काय ठेवायचं ते ठरवून टाकलं.

आणि मग इंजिनियर बाई आल्या.

पालिकेने गावाचा वादळ-नकाशा करायला घेतला होता. कुठे किती पाणी चढलं होतं ते घरोघर जाऊन पाहायचं आणि त्याप्रमाणे नवीन बांधकामाला, नवीन दुकानाला परवानगी द्यायची किंवा नाकारायची. इंजिनियर बाई तरुण होत्या, हसऱ्या होत्या, पायात चिखलाचे बूट घालून दुष्काळात हिंडत होत्या. त्यांनी अप्पांची गोष्ट मनापासून ऐकली, रेघेची उंची मोजली आणि मग जरा अवघडून म्हणाल्या, "दुकान नाही देता येणार. मोठ्या वादळाचं पाणी जिथे गुडघ्याच्या वर चढलं होतं, तिथे तळमजल्यावर नवीन दुकान नाही, असा नियम आहे."

"पण ते माझ्या लहानपणी," अप्पा म्हणाले.

"पुन्हा येईल की आजोबा. म्हणून तर नकाशा."

त्या पुढे म्हणाल्या की धक्क्यावरच्या जुन्या वखारीत त्यांना याच वादळाची खूण बरीच खाली मिळाली होती. पण दोन खुणा जुळल्या नाहीत तर वरची धरायची, अशी पद्धत होती. आठवड्याभरात त्या पक्का आकडा लिहायला परत येणार होत्या.

अप्पांचा चेहरा त्या दिवशी पाहण्यासारखा होता. आपली रेघ सगळ्या गावात उंच ठरली म्हणून एकीकडे मान ताठ, आणि सुनेचं दुकान आपल्याच रेघेने बुडवलं म्हणून नजर खाली. रात्री जेवताना त्यांनी धाकटीच्या ताटात स्वतःच्या हाताने दोनदा वाढलं. स्वयंपाकघरात परत जाऊन तिने एका निरपराध कुलपावर इतक्या जोराने कानस चालवली की ते कायमचं उघडं राहिलं.

त्याच आठवड्यात विहीर आटली. पाऊस नसलेलं ते दुसरं साल. परसातली विहीर आधी खारट झाली, मग गढूळ झाली आणि मग बादली तळाला आपटून रिकामी वर येऊ लागली. गावाची रीत अशी की विहिरीतला गाळ काढायचा तो अशा कोरड्या सालीच; एरवी पाण्यात उतरणार कोण? त्यामुळे गाळ काढणारी माणसं शोधूनही मिळत नव्हती, सगळी कुठल्या ना कुठल्या विहिरीत होती. धाकटीचा नवरा बंदरातल्या गाळ काढणाऱ्या बोटीवर कामाला होता आणि त्याची पाळी चालू होती.

"जगाचा गाळ काढतो," सासूबाई म्हणाल्या, "आणि घरचा काढायला बायको."

धाकटीने पदर खोचला आणि शिडीवरून खाली उतरली. विहीर फार खोल नव्हती. खाली गार होतं, वर आभाळाचं गोल झाकण दिसत होतं आणि त्यात सासूबाईंचं डोकं. धाकटी घमेलं भरायची, सासूबाई दोरीने वर ओढायच्या आणि त्यात काय निघालं ते मोठ्याने जाहीर करायच्या. चार चमचे निघाले. एक तांब्या निघाला, जो शेजारणीने लांबवला असं त्या वीस वर्षं मानत आल्या होत्या.

"आता गं काय करायचं," त्या तांब्याकडे बघत म्हणाल्या. "तिच्याशी इतकी वर्षं बोलत नाही मी."

"बोला आता."

"आता काय बोलू? सवय गेली."

एक गंजलेलं कुलूपही निघालं. ते पाहून धाकटीला इतका आनंद झाला की तिने ते घमेल्यात न टाकता कंबरेला बांधून घेतलं. संध्याकाळपर्यंत तळ स्वच्छ झाला आणि ती शिडीने वर यायला लागली. अर्ध्याहून जास्त चढून आल्यावर ती एकदम थांबली.

समोरच्या दगडाला खाचा पडलेल्या होत्या. बोट बसेल एवढ्या, गुळगुळीत, शेजारी शेजारी, सगळ्या खाली उतरत जाणाऱ्या. धाकटीने त्यातल्या एका खाचेत बोट फिरवलं. झीज ओळखणं हा तिचा धंदाच होता. वर्षानुवर्षं एकाच जागी काय घासलं की कशी खाच पडते, हे तिला शिकवायला नको होतं. ही दोराची झीज होती. पाणी शेंदताना दोर घासतो तो विहिरीच्या काठाला. मग काठाच्या इतक्या खाली, भिंतीच्या मधोमध दोर कशाला घासेल?

तिने वर पाहिलं. खाचा असलेल्या दगडांच्या वरचं बांधकाम वेगळंच होतं. दगड लहान, चुना पांढरा, आणि सगळं जरा मागे सरकवून केलेलं. म्हणजे विहिरीचा काठ पूर्वी इथे होता. वरचं नंतर चढवलेलं. आणि काठ चढवला तो उगीच नाही, परस वर आलं म्हणून चढवला. परस वर आलं तर घर काय खाली राहिलं असेल?

धाकटीने शिडी सोडून एक पाऊल जुन्या काठावर ठेवलं, मग दुसरं ठेवलं आणि कडेला धरून सरळ उभी राहिली. नवा काठ तिच्या छातीच्या जरासा खाली आला. छातीभर पाण्यातून एवढी उंची वजा केली तर उरतं काय? तिने मनात हिशोब केला आणि तिला जोराने हसू फुटलं.

"विहिरीत हसतेस काय?" वरून आवाज आला. "लोक काय म्हणतील?"

"आई, आजच्या जमिनीवर ते पाणी घोट्यापर्यंतच आलं असतं."

मग सासूबाईंनी हात पुढे करून तिला बाहेर घेतलं, परसाच्या दाराकडे एकदा पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"डबा मी धरला होता," त्या म्हणाल्या.

"कसला डबा?"

"निळ्या रंगाचा. माझं नवीन लग्न झालेलं. पालिकेने रस्ता उंच केला, म्हणून आपण खोलीत भर घालून जमीन उंच केली. मग रेघ आली मांडीला. हे पाहुण्यांना सांगायचे छातीभर, आणि पाहुणे बघायचे मांडीकडे. ह्यांना ते सहन होईना. मग एका दुपारी रेघ वर घेतली. मी डबा धरला, ह्यांनी ब्रश. आणि त्याच्या आधी सासऱ्यांनीही एकदा तसंच केलं होतं म्हणे, पहिल्यांदा भर घातली तेव्हा."

"आणि तुम्ही इतकी वर्षं बोलला नाहीत?"

"मला कुणी विचारलं का?"

धाकटी तिथेच काठावर टेकली. यात फसवाफसवी कुणी केली नव्हती, हे तिला कळत होतं. छातीभर म्हणजे छातीभर. जमीन वर आली तर रेघेनेही यायला नको का? अप्पांच्या आणि त्यांच्या वडिलांच्या दृष्टीने त्यांनी रेघ हलवली नव्हती, जागेवर ठेवली होती. रस्ता वर गेला म्हणून घर वर गेलं, घर वर गेलं म्हणून पुढच्या वादळानंतर रस्ता आणखी वर गेला, आणि या सगळ्या चढाओढीत मोठ्या वादळाचं पाणीही दर खेपेला चढत राहिलं. त्या खोलीच्या खिडक्या जमिनीला टेकलेल्या का, याचं घरातलं उत्तर होतं की पूर्वजांना बसून रस्ता बघायची आवड होती. धाकटीनेही ते आजवर खरं मानलं होतं.

आता इंजिनियर बाईंना एक शब्द सांगितला की दुकान हातात होतं. तो शब्द अप्पांच्या पाठीमागे सांगता आला असता. धाकटीने तसा विचार केलाही, अगदी हातपाय धुऊन होईपर्यंत केला. पण ज्या माणसाने पेपरातून मान वर न करता आपल्याला खोली दिली, त्याच्या पाठीमागून त्याची रेघ पुसायची हे तिच्याच्याने होईना. जेवणं झाल्यावर तिने सरळ सांगितलं. खाचा सांगितल्या, जुना काठ सांगितला, उंची सांगितली. डब्याचं मात्र सांगितलं नाही.

अप्पांनी सगळं ऐकलं. त्यांच्या कपाळावरची शीर उठली.

"म्हणजे माझे वडील खोटं सांगत होते."

"नाही अप्पा. त्यांचं खरंच आहे. रेघ तेवढी वर गेलीय."

"मी नेली ती वर. मला ठाऊक आहे. वीतभर भर घातली होती, वीतभर वर घेतली." ते जागेवरून उठले. "घोट्याएवढं पाणी म्हणे. घोट्याएवढ्या पाण्यात कुणी पोराला रात्रभर खांद्यावर घेऊन उभं राहतं का? उद्यापासून गल्ली मला घोटाभर म्हणेल."

नवरा दोघांच्या मध्ये बसला होता. तो स्वभावाने असा की कुणीही काहीही म्हणालं तरी त्याला ते पटायचं. तो अप्पांना म्हणाला, "बरोबर आहे," आणि बायकोला म्हणाला, "तुझंही बरोबर आहे," आणि दोघांनीही त्याच्याकडे असं पाहिलं की तो पाणी प्यायच्या निमित्ताने उठून गेला.

दोन दिवस अप्पांनी अबोला धरला. जेवायला बसत, पण ताटाकडेच बघत. दिवसभर त्या खोलीत बाकावर बसून रेघेकडे पाहत राहत. धाकटीला वाटू लागलं की जाऊ दे ते दुकान. सासूबाईंची कणीक आणि आपलं पितळ एका टेबलावर सुखाने नांदतंयच की. तिसऱ्या दिवशी सकाळी हे सांगायलाच ती खाली गेली, तर अप्पा पहार हातात घेऊन उभे होते.

"खणा," ते म्हणाले. "रेघेच्या खालीच खणा. इंजिनियर बाईंनाही बोलवा, त्यांच्या डोळ्यांदेखत होऊ दे. वीतभर निघालं तर यंत्र जन्मभर स्वयंपाकघरात."

"आणि जास्त निघालं तर?"

"निघणार नाही."

नवऱ्याची सुट्टी होती, त्यामुळे या खेपेला घरचा गाळ त्यालाच काढावा लागला. त्याने भिंतीजवळच्या फरशा उचकटल्या आणि खणायला सुरुवात केली. इंजिनियर बाई आल्या, बाह्या दुमडून घमेली उचलू लागल्या. फरशीखाली तुटकी कौलं निघाली, शंख-शिंपले निघाले, काचा, एका पायातला बूट निघाला. एक वीत केव्हाच मागे पडली. अप्पा बाकावर बसून होते आणि प्रत्येक घमेल्यागणिक म्हणत होते, "आता लागेल जमीन." दुपारी पहार टणकन वाजली, दगडी लाद्या लागल्या.

"झालं," अप्पा म्हणाले. आवाज बारीक झाला होता. मांडीएवढा खड्डा झाला होता. "ही जमीन."

"ही नव्हे," सासूबाई म्हणाल्या. त्या कधी येऊन भिंतीपाशी बसल्या होत्या ते कुणाला कळलं नव्हतं. हातात भाकरी परतायचा उलथणा होता आणि त्या भिंतीचा रंग खरवडत होत्या. आजच्या फरशीपासून मांडीच्या उंचीवर, पांढऱ्या रंगाखाली, एक निळी रेघ निघाली होती. "ही तुमची जुनी रेघ. ह्या लाद्यांवरून मोजली तर ही छातीला येते. पण हीसुद्धा सासऱ्यांनी वर घेतलेली. पहिली अजून खाली आहे."

अप्पांनी बायकोकडे पाहिलं. त्या काही रागाने बोलल्या नव्हत्या. त्या आणखी खाली सरकल्या आणि खरवडत राहिल्या. लाद्या निघाल्या, त्याखाली वाळू लागली, गोटे लागले, आणि संध्याकाळी उन्हं कलायच्या सुमाराला नवऱ्याच्या पहारीखाली लाल जमीन उघडी पडली. कोब्याची, गुळगुळीत, अजून चकाकी असलेली. त्याच वेळी सासूबाईंचा उलथणाही थांबला. आजच्या फरशीपासून घोट्याच्या उंचीवर त्यांना तिसरी रेघ सापडली होती. ही ब्रशाने ओढलेली नव्हती. कुणीतरी खिळ्याने कोरली होती आणि कोरताना हात हलला होता.

इंजिनियर बाईंनी सगळं मोजलं, नकाशा काढला, परत मोजलं. "वखारीतल्या खुणेशी बोटाचाही फरक नाही," त्या म्हणाल्या. त्यांचा चेहरा उजळला होता. "आजच्या जमिनीवरून घोट्यापर्यंत. दुकान करा. दाराला एक पायरी वाढवून घ्या, बस."

धाकटीने या शब्दांची इतकी वाट पाहिली होती, आणि आता तिचं त्यांच्याकडे लक्षच नव्हतं. ती अप्पांकडे बघत होती. अप्पा बाकावरून उठले.

"शिडी आणा," ते म्हणाले.

"अप्पा, तुमचे गुडघे..."

"शिडी आण."

विहिरीतली शिडी आली. नवऱ्याने खाली धरली, धाकटीने वरून हात दिला, आणि अप्पा एकेक पायरी उतरत लाल जमिनीवर पोचले. त्यांनी चपला काढून धाकटीच्या हातात दिल्या. मग ते वळून भिंतीला पाठ लावून उभे राहिले, पाहुण्यांसमोर राहायचे तसे. खिळ्याने कोरलेली रेघ बरोबर त्यांच्या छातीपाशी आली.

अप्पांनी सवयीने पंजा छातीवर आडवा धरला, आणि या वेळी त्याच्या मागे खरी रेघ होती.

"छातीभरच होतं," ते म्हणाले.

"हो अप्पा," धाकटी म्हणाली.

ते तिथेच उभे राहिले. वर येतील म्हणून नवरा शिडी धरून थांबला होता. त्याच्या केसांत, भुवयांत धूळ बसली होती आणि दिवसभर खणून हात थरथरत होते. अप्पा त्याच्याकडे पाहू लागले, पाहतच राहिले, शेवटी तोच संकोचला.

"काय झालं अप्पा?"

"तुझ्याएवढे होते रे," अप्पा म्हणाले. "तेव्हा. मी हिशोबच केला नाही कधी. मला आपलं वाटायचं, बाबा म्हणजे मोठे, म्हातारे, त्यांना काय होतंय. तुझ्याएवढे होते. तुझ्याहून दोन वर्षांनी लहानच असतील." त्यांनी जमिनीकडे पाहिलं. "रात्रभर कापत होते. मी वर बसलो होतो ना, मला कळत होतं. मी विचारलं, बाबा, काय झालं? तर म्हणाले, पाणी गार आहे. उन्हाळ्याच्या शेवटाला आलं होतं वादळ. पाणी गार कुठलं असायला?"

हे त्यांनी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. सासूबाईंनाही नाही, हे त्यांच्या तोंडाकडे पाहून कळत होतं. त्यांनी उलथणा खाली ठेवला.

"तू काय केलं असतंस?" अप्पांनी मुलाला विचारलं.

"मी? मी तर मोठ्याने रडलो असतो," नवरा म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदाच कुणाच्या हो ला हो न करता तो काहीतरी बोलला होता. "पण तुम्हाला खाली नसतं ठेवलं."

अप्पा हसले. डोळे भरून आले होते तरी चांगले खळखळून हसले, आणि ते हसले म्हणून सगळ्यांनाच हसता आलं. मग त्यांनी शिडीला हात घातला. वर यायला मात्र फारच वेळ लागला. नवऱ्याने खालून ढकललं, इंजिनियर बाईंनी एक हात धरला, धाकटीने दुसरा, आणि सासूबाई बाजूला उभ्या राहून कुठला पाय कुठे ठेवायचा ते सांगत राहिल्या, जे कुणीही ऐकत नव्हतं. वर आल्यावर अप्पा बाकावर टेकले आणि धाप लागलेल्या आवाजात त्यांनी विचारलं, "यंत्र कुठे ठेवणार तू?"

धाकटीने दाराजवळची जागा दाखवली. मग खड्ड्याकडे बघत म्हणाली, "अप्पा, हा आपण असाच ठेवू. वर जाड काच बसवू. लोकांना खाली बघता येईल, तुम्हाला दाखवता येईल. मी माझं टेबल पलीकडे सरकवते."

नवऱ्याला ते पटलं. इंजिनियर बाईंनाही पटलं. त्या म्हणाल्या, शाळेतल्या मुलांना घेऊन येता येईल. अप्पांनी मान हलवली.

"नको. भरून टाका," ते म्हणाले. "फार वर्षं उभं ठेवलंय मी बाबांना पाण्यात. आता येऊ देत बाहेर."

धाकटीने पदर खोचला, जवळचं घमेलं उचललं आणि पहिली वाळू हळूच खाली सोडली. मग सगळेच कामाला लागले. अप्पांनी बसल्या बसल्या बाकाजवळचे गोटे उचलून द्यायला सुरुवात केली, आणि दिवे लागायच्या वेळेपर्यंत निम्मा खड्डा भरून झाला.